एका पळाची खरेदी

बँकेतल्या कारकुनाची नातेवाइकांना आठवण दोनच प्रसंगी होते. एक, घरात फाटकी नोट निघाली की. आणि दोन, कुणाला काही खरेदी करायची असली की. फाटक्या नोटेचे मी समजू शकतो. पण जो माणूस दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो, त्याला स्वतःचे पैसे खर्च करण्याची अक्कल असलीच पाहिजे, हा समज कुणी पसरवला कोण जाणे! हलवायाकडचा नोकर काही घरी जाऊन रोज जिलबी खात नाही.

तरीही आमचा मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, एका संध्याकाळी आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "भाऊजी, दुसऱ्या शनिवारी तुम्हाला सुट्टी असते ना? बर्डीवर जाऊ. लॅबसाठी टायमर घ्यायचे आहेत. डिजिटल."

मेव्हण्याची छोटीशी पॅथॉलॉजी लॅब आहे. दोन खोल्या, एक फ्रिज, एक सूक्ष्मदर्शक, रक्त गरगर फिरवणारे एक यंत्र आणि 'उपाशीपोटी यावे' अशी एक पाटी. मी पडलो बी.कॉम. प्रयोगशाळेशी माझा संबंध बोट पुढे करून मान दुसरीकडे फिरवण्यापुरता. कॉलेजात सायन्सची मुले पांढरे कोट घालून, हातात परीक्षानळ्या घेऊन, उद्या कॅन्सरवर औषध सापडणार अशा चेहऱ्याने हिंडत असत. आम्ही कॉमर्सवाले मात्र डाव्या बाजूची बेरीज उजव्या बाजूशी जुळत नाही म्हणून घामाघूम होत असू. 'टायमर' या जातीतली मला माहीत असलेली एकच वस्तू म्हणजे कुकरची शिट्टी. वरणाला तीन, चवळीला पाच.

"शिट्टी म्हणजे टायमर नाही, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "गॅस मोठा ठेवला की तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक ठेवला की पंधरा मिनिटांत. शिट्टी वाफ मोजते, वेळ नाही."

आता ज्या घरात पंधरा वर्षे शिट्ट्यांवर संसार चालला, त्या घरात असे बोलणे बरे नव्हे. पण मी गप्प बसलो. कारण हा टायमर कुठून निघाला ते मला ठाऊक होते. तो आमच्याच घरातून निघाला होता.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. (२०२२ पासून रेल्वे त्यांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणते. बाबा म्हणतात, "पगार गार्डचा दिला, आता नाव मॅनेजरचं देऊन काय फायदा?") ज्या माणसाने आयुष्यभर हिरवा झेंडा दाखवून गाड्या सोडल्या, त्याच्याच हृदयाने म्हातारपणी वेळापत्रक सोडले. ठोके कधी लवकर, कधी उशिरा. अशा हृदयात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू केली. या गोळीचा स्वभाव नव्या सुनेसारखा: जास्त झाले तरी पंचाईत, कमी झाले तरी पंचाईत. म्हणून ठराविक दिवसांनी रक्त तपासायचे. रक्तातले वरचे पिवळे पाणी घ्यायचे, त्यात औषध घालायचे आणि ते किती सेकंदांत गोठते ते पाहायचे. तुमचे-माझे साधारण बारा सेकंदांत गोठते. बाबांचे त्याच्या दुप्पट ते तिप्पट वेळात गोठले पाहिजे. म्हणजे आकडा दोन ते तीनच्या मध्ये. दोनच्या खाली घसरला तर गुठळीची भीती, तीनच्या फार वर गेला तर रक्तस्रावाची.

मागे मेव्हणा लग्नाला गावी गेला होता, तेव्हा आम्ही बाबांना दुसऱ्या एका लॅबमध्ये नेले. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. रिपोर्ट आला चार! अठ्ठेचाळीस सेकंद!

घरात एकदम चौकशी आयोग बसला. या गोळीचे आणि पालेभाजीचे वैर असते. भाजी वाढली की आकडा उतरतो, भाजी बंद झाली की चढतो. आठवडाभर मेथी का केली नाही, असा प्रश्न मी हिला विचारला. मेथी आणायची कुणाची जबाबदारी होती, असा प्रश्न हिने मला विचारला. आयोगाचे कामकाज अशा रीतीने रंगात आले असताना आरोपीच्या पिंजऱ्यातून, म्हणजे आरामखुर्चीतून, बाबा शांतपणे म्हणाले, "गोळी-बिळी काही कमी करू नका. त्या पोराने वेळ चुकवली."

"कुणी?"

"लॅबमधल्या. मी काचेतून पाहून राहिलो होतो ना. मोबाइलवर वेळ लावली, नळी हातात घेतली अन् तेवढ्यात त्याच मोबाइलवर फोन आला. 'हो मामा, लॅबमध्ये आहे मामा, मग करतो मामा.' नळी तशीच हातात. मी घड्याळात पाहिलं. एकोणीस सेकंद बोलला."

बाबांचे घड्याळ म्हणजे एचएमटी जनता, किल्लीचे. तो कारखाना बंद पडला तरी बाबा रोज सकाळी सातला त्याला किल्ली देतात. आम्ही हसलो. म्हातारा माणूस, काहीतरी बोलायचे म्हणून बोलतो. पण मेव्हणा गावाहून परतल्यावर त्याने पुन्हा तपासणी केली. एकदा नव्हे, दोनदा, लागोपाठ. दोन्ही वेळा एकोणतीस सेकंद. म्हणजे आकडा दोन पूर्णांक चार. अठ्ठेचाळीसमधून एकोणतीस वजा करा. मी कॉमर्सचा असूनही ही वजाबाकी मला कागदाशिवाय जमली.

मामाच्या एका फोनपायी डॉक्टरांनी बाबांची गोळी दोन दिवस बंद केली असती, पुढे कमी केली असती. आणि आधीच दोन पूर्णांक चारवर असलेले रक्त दोनच्या खाली आले असते. त्यापुढचा विचार मी केला नाही. कारकुनाने ताळेबंदाच्या पुढच्या पानावर जाऊ नये.

मेव्हण्याने मात्र केला. कारण त्या रात्री त्याने स्वतःच्या लॅबमध्ये नजर फिरवली, तेव्हा तिथे वेळ मोजायला काय होते? भिंतीवरचे एक घड्याळ, एका औषध कंपनीने फुकट दिलेले, आणि तीन मोबाइल. त्यातला एक त्याचा स्वतःचा. "भाऊजी," तो म्हणाला, "त्या पोराला मामा आहे, तसे मलाही चार मामा आहेत."

तर अशी ही खरेदी.

पुढचे चार दिवस मेव्हणा निरनिराळी माहितीपत्रके घेऊन येत होता. त्यातली भाषा पाहून मी आधी घाबरलो. मग लक्षात आले की हे सगळे आमच्याच बँकेतले आहे. शून्यापासून वर मोजत जाणारा टायमर म्हणजे बचत खाते. चालू केले की वाढत राहते, तुम्हाला हवे तेव्हा थांबवा. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आधी माहीत नसते, म्हणून तिथे हा लागतो. उलटा मोजणारा म्हणजे मुदत ठेव. मुदत आधी लावा, ती संपली की तो ओरडतो. रक्तातल्या पेशी एका तासात नळीत किती खाली बसतात, त्या तपासणीला हा हवा. तासाच्या जागी पाऊण तासाने पाहिले तर आकडा खोटा. आणि 'चार चॅनेलचा' म्हणजे एकाच डबीत चार खाती. मेव्हण्याने हे ऐकल्यावर माझ्याकडे प्रथमच जरा आदराने पाहिले.

दुसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी, मेव्हणा आणि बाबा. बाबांना कुणी बोलावले नव्हते. ते टोपी घालून, घड्याळाला किल्ली देऊन दारात उभे होते. गार्ड नसताना गाडी निघत नाही.

बर्डीवरचे ते दुकान प्रयोगशाळेच्या सामानाचे. काचेच्या नळ्या, चंचुपात्रे, तराजू, आणि कोपऱ्यात हाडांचा एक सापळा, जो उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा वाटत होता. दुकानदाराने काउंटरवर सात-आठ टायमर मांडले.

"हा घ्या भाऊ," तो म्हणाला. "सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते. सगळ्यात भारी पीस आहे."

मी हरखलो. शंभरावा भाग! पडद्यावर शेवटचे दोन आकडे असे पळत होते की, मार्चअखेरीला आमच्या मॅनेजरची नजरही तशी पळत नाही. मी मेव्हण्याला डोळ्यांनी खुणावले, हाच घे.

मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, न बघता मनात मोजू नका. बघूनच दाबा. बरोबर पाच सेकंदांवर थांबवा."

मी थांबवले. चार पूर्णांक त्र्याऐंशी. पुन्हा. पाच पूर्णांक एकवीस. पुन्हा. पाच पूर्णांक बारा. दुकानदाराने करून पाहिले, त्याचे चार पूर्णांक नव्वद. दहा प्रयत्नांत एकदाही बरोबर पाच आले नाहीत. डोळ्याने पाहिले, मेंदूला कळवले, मेंदूने बोटाला हुकूम सोडला, या सरकारी कारभारातच सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. मग तो शंभरावा भाग दाखवतो आहे तो कुणाचा?

आणि एकदम मला आमचे शाखेतले जुने रजिस्टर आठवले. बेरीज पैशापर्यंत लिहिलेली असायची: इतके लाख, इतके हजार, इतके रुपये, सदतीस पैसे. आणि वर कुठेतरी दहा हजारांची नोंदच राहून गेलेली! पैसे लिहिले म्हणून हिशेब बरोबर होत नाही. बारीक आकडा दाखवणे वेगळे आणि खरा आकडा दाखवणे वेगळे. ही गोष्ट मी वीस वर्षे जगत होतो, पण ती मला हाडांच्या सापळ्यासमोर समजली.

"आत यंत्र कोणतं आहे?" मी आता जाणकाराच्या थाटात विचारले.

"सगळ्यात क्वार्ट्झच आहे भाऊ. तीनशेच्यात पण अन् तीन हजाराच्यात पण."

हे खरे आहे. आत गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच निवडलेला नाही. त्याला पंधरा वेळा निम्मा करा, बरोबर एक उरतो. (मी पावतीच्या मागे करून पाहिले.) असे साधे यंत्र महिन्याला पंधरा-वीस सेकंद मागेपुढे होते, म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा सेकंद. एक तासाच्या किंवा अर्ध्या मिनिटाच्या तपासणीत ही चूक शोधूनही सापडायची नाही. मग तीनशे आणि तीन हजार यांत फरक कसला?

"तो तुम्हाला नाही समजणार," स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले, आणि त्यांनी भारी पीस उचलला. "हे बघ. चालू-बंदचं बटण अन् आकडा पुसायचं बटण एकमेकांना लागून. दोन्ही सारखेच. हातात रबरी मोजे, डोळे नळीवर. चुकून दुसरं दाबलं की गेलं सगळं शून्यावर. झेंडे दोन असतात, पण एक हिरवा अन् एक लाल असतो, समजलं का? दोन्ही हिरवे ठेवत नाहीत."

दुकान शांत झाले.

मग बाबांनी एकेक टायमर हातात घेऊन पाहिला. आकडे चार हातांवरून दिसतात का? बटण दाबल्यावर बोटाला कळते का? आवाज शेजारच्या खोलीत जातो का? वाजायला लागला की आपोआप पाच सेकंदांत गप्प होतो, की कुणी येऊन बंद करीपर्यंत वाजतो? (बाबांना दुसरा पसंत. "इंजिनची शिट्टी ऐकून रुळावरून माणूस हटेपर्यंत वाजली पाहिजे.") पाण्याचा, औषधाचा शिंतोडा उडाला तर आत जाईल का? मागे लोहचुंबक आहे का, की टेबलावरून पडेल? सेल कोणता? बाजारात मिळणारा, की मुंबईहून मागवावा लागणारा? चार चॅनेलचा असेल, तर चौघांचा आवाज निराळा आहे का? "चारही लेकरं एकाच सुरात रडली तर आईने कोणाकडे धावायचं?"

मेव्हणा हे सगळे लिहून घेत होता. जंतू रंगवायच्या तपासणीत काचेवर जांभळा रंग एक मिनिट, आयोडीन एक मिनिट आणि मग स्पिरिटने धुणे मोजून काही सेकंद. तिथे हात रेंगाळला तर जांभळे राहायचे ते जंतू रंग सोडून लाल दिसू लागतात, आणि डॉक्टर भलत्याच शत्रूवर तोफ डागतात. हे तो दुकानदाराला समजावून सांगू लागला. दुकानदार मात्र बाबांकडेच बघत होता. "बाबाजी, तुम्ही कोणत्या लॅबमध्ये होते?" त्याने विचारले.

"ब्रेक व्हॅनमध्ये," बाबा म्हणाले.

शेवटी ठरले ते असे: मोठ्या आकड्यांचे, दोन निराळ्या रंगांच्या बटणांचे साधे दोन टायमर रक्त गोठण्यासाठी, आणि चार सुरांत ओरडणारा एक बाकीच्या कामांसाठी. साध्या दोहोंपैकी एक प्रमाणपत्रासह. हे प्रमाणपत्र म्हणजे आमच्या भाषेत साक्षांकित प्रत. या टायमरची तुलना त्याहून खऱ्या घड्याळाशी झाली, त्याची त्याहून खऱ्याशी, असे करत करत ती साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, जी भारताची वेळ सांभाळते. तिथे सेकंद म्हणजे स्फटिकाची थरथर नाही. १९६७ साली जगाने ठरवले की सिझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० स्पंदने झाली की एक सेकंद. नऊशे एकोणीस कोटी, सव्वीस लाख, एकतीस हजार, सातशे सत्तर! एवढी रोकड मोजून एका सेकंदात बरोबर निघते, हे ऐकून माझ्यातला कॅशिअर गहिवरला.

पैसे देताना माझा खरा उपयोग झाला. मी पन्नास रुपये कमी करून घेतले. बाबांनी त्यात जाता जाता सेलची एक जोडी फुकट मागून घेतली, आणि माझा विक्रम मोडला.

बाहेर मे महिन्याचे ऊन. मेव्हणा पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवू लागला तसा दुकानदार आतून ओरडला, "डिकीत नको ठेवू भाऊ! पन्नास डिग्रीच्या वर पडदा काळा पडते!" नागपुरात राहणाऱ्या माणसाने या बाबतीत टायमरला दोष देऊ नये. मे महिन्यात माणसांचेही तेच होते. त्या यंत्राचे बरे, सावलीत ठेवले की पुन्हा उजळ होते.

वाटेत बाबा गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या लग्नात भटजींनी पाण्यात तांब्याची वाटी सोडली होती, आठवतं?"

आठवत होते. बुडाला बारीक भोक असलेली वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. दिवसाला अशा साठ. 'घटका भरली' असे आपण म्हणतो ते या वाटीवरून. घटकेचे पुन्हा साठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे पळ. चोवीस सेकंदांचे. 'पळभर थांब' असे आपण सहज म्हणतो, पण पळालाही माप आहे.

"त्या वाटीला सेल नव्हता, बटण नव्हतं," बाबा म्हणाले. "पण तिच्याजवळ एक माणूस बसवावा लागे, फक्त तिच्याकडे पाहायला. तो उठला की मुहूर्त चुकला. आता वाटी नवी आली, पण माणूस उठून गेला."

मी मनात हिशेब केला. मामाचा फोन एकोणीस सेकंदांचा. पूर्ण एक पळसुद्धा नाही.

आता दर एक तारखेला बाबा मेव्हण्याच्या लॅबमध्ये जातात. प्रमाणपत्रवाला टायमर मध्ये ठेवतात, बाकीचे दोन शेजारी, तिन्ही एकदम चालू करवतात, एक तासाने थांबवतात आणि फरक रजिस्टरमध्ये लिहितात. रजिस्टर मी आखून दिले आहे: तारीख, वेळ, फरक, सही. बँकेत याला ताळमेळ म्हणतात. चौथ्या रकान्यात बाबा स्वतःच्या एचएमटीचा फरकही इमानाने लिहितात. तो बराच असतो. तो मात्र ते पेन्सिलीने लिहितात.

गेल्या तारखेला बाबांची तपासणी होती. मला शाखेतून निघता आले नाही. अकराला रक्त दिले असणार, आता नळी हातात असेल, असा अंदाज करत मी काउंटरवर बसलो होतो. समोर पेन्शनरांची रांग. मला राहवेना. मी मेव्हण्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाबांना काही झाले तर नसेल? रांगेतले एक आजोबा म्हणाले, "साहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?"

दहा मिनिटांनी मेव्हण्याचाच फोन आला.

"भाऊजी, फोन बाहेरच्या खोलीत ड्रॉवरमध्ये ठेवला होता. लॅबमध्ये आता कुणीच नेत नाही. एकोणतीस सेकंद आले. दोन्ही वेळा."

मी काही बोललो नाही. माझा फोन न उचलल्याबद्दल कुणाचे आभार मानायची मला सवय नाही.

मागून बाबांचा आवाज आला, "त्याला सांग, मी टायमरवर अन् घड्याळावर दोन्हीकडे पाहिलं. मेथी आज आणजो म्हणा."